विश्लेषण : ड्युटी बेटावर, घर किनाऱ्यावर... दुर्गम बेटांवरील आरोग्य कर्मचाऱ्यांचा संसार कसा चालतो?

डॉक्टर, परिचारिका, आरोग्यसेविका दुर्गम भागात टिकत का नाहीत, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा पगारात शोधले जाते. अनेकदा ते मुलांच्या शाळेत, जोडीदाराच्या नोकरीत, म्हाताऱ्या आईवडिलांच्या औषधपाण्यात आणि संध्याकाळच्या शेवटच्या लाँचच्या वेळेत सापडते. पनवेल, कामोठे, नवी मुंबई परिसरातून दरवर्षी परिचारिका आणि डॉक्टर शिकून बाहेर पडतात. त्यांच्यापैकी काहींना घारापुरीसारख्या हाकेच्या अंतरावरच्या बेटासाठी काम करावे लागते, तर काहींसमोर अंदमान-निकोबार किंवा लक्षद्वीपच्या नोकरीचा पर्याय असतो. अशा नेमणुकीत घराचे काय होते, नियम काय सांगतात आणि प्रत्यक्षात काय घडते, याचा हा आढावा.

पनवेलजवळचे बेट, तरीही दूर का?

पनवेलला लागून असलेल्या उरण तालुक्यात घारापुरी हे बेट आहे. एलिफंटा लेण्यांमुळे ते जगाला माहीत आहे. १९८७ मध्ये या लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पर्यटक लेणी पाहून संध्याकाळी परततात. मात्र शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांमध्ये सुमारे बाराशे माणसे बारमाही राहतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

मुंबईच्या गेटवेपासून हे बेट जेमतेम दहा किलोमीटरवर आहे, पण तिथे कायमस्वरूपी वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून टाकलेल्या साडेसात किलोमीटरच्या केबलमधून. त्याआधी संध्याकाळचे काही तास जनरेटर चालायचा. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला. मुंबई आणि पनवेल जवळ आले. घारापुरीला मात्र आजही होडीशिवाय पर्याय नाही.

इथे अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोगाचे नसते. ते भरती-ओहोटीत मोजावे लागते. मोठ्या ओहोटीच्या दिवशी गाळामुळे मोरा धक्क्यावर लाँच लागत नाही, फेऱ्या रद्द होतात. पावसाळ्यात धोक्याचा बावटा लागला की वाहतूक थांबते. उरणमध्ये राहून बेटावर काम करणाऱ्या माणसाला सकाळी निघताना संध्याकाळी घरी परतू याची खात्री देता येत नाही. घरच्यांनाही ती गृहीत धरता येत नाही.

बेटावर दवाखाना का नसतो?

आरोग्य केंद्रांची रचना प्रामुख्याने लोकसंख्येवर बेतलेली आहे. सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. डोंगराळ, आदिवासी आणि अवघड भागासाठी हेच आकडे ३,००० आणि २०,००० आहेत. बाराशे वस्तीचे बेट यांपैकी कुठल्याच चौकटीत बसत नाही.

लोकसंख्येच्या हिशेबात हे योग्य वाटते. बाराशे माणसांसाठी डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा असा ताफा ठेवला तर दिवसभरात मोजकेच रुग्ण येतील. पण बाळंतपणाची वेळ, सर्पदंश किंवा छातीतली कळ लोकसंख्या पाहून येत नाही. म्हणून रुग्णाला उपचारापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हाही निकष धरावा असा विचार राष्ट्रीय आरोग्य अभियानात पुढे आला. बेटांच्या बाबतीत तोच निकष जास्त खरा ठरतो.

दवाखाना नाही म्हणजे आरोग्य कर्मचारी नाही, असे मात्र होत नाही. लसीकरण, गर्भवतींची तपासणी, क्षयरोगाच्या औषधांचा पाठपुरावा, पावसाळ्यातले पाण्याचे नमुने ही कामे करावीच लागतात. ती किनाऱ्यावरून ये-जा करणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून होतात. त्यामुळे बेटाचा प्रश्न एका बाजूला रुग्णाचा असतो, तर दुसऱ्या बाजूला त्या कर्मचाऱ्याच्या घराचा.

बेटावरच घर असलेली आरोग्य कर्मचारी कोण?

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ ही संकल्पना आली. साधारण एक हजार लोकसंख्येमागे एक आशा. ती त्याच गावात राहणारी आणि शक्यतो विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी, अशी अट आहे. लग्नानंतर मुलगी गाव सोडते, सून मात्र गावात राहते, हा त्यामागचा साधा हिशेब.

म्हणजे सरकारी आरोग्य व्यवस्थेत कुटुंबासह बेटावर राहणारी व्यक्ती बहुधा आशाच असते. तिची बदली होत नाही, तिला पनवेलला घर घ्यावे लागत नाही. पण तिच्या कामाला वेळही नसतो. रात्री दोन वाजता कुणाच्या पोटात दुखू लागले की आधी तिचे दार वाजते. गर्भवतीला घेऊन होडीतून निघाली की घरी परत कधी येईल, हे समुद्र ठरवतो. तोवर तिच्या मुलांचे जेवण, सासऱ्यांची गोळी आणि घरातले पाणी हे दुसऱ्या कुणीतरी पाहायचे असते. सासू, जाऊ किंवा शेजारीण यांच्या मदतीशिवाय ही व्यवस्था चालत नाही. आशाला मिळणाऱ्या मोबदल्याचा काही भाग केलेल्या कामानुसार ठरतो. तिच्या घरच्यांच्या श्रमाचा हिशेब कुठेच लागत नाही.

बेटावर राहायचे की ये-जा करायची?

ग्रामीण भागातील सरकारी कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे, अशी अट राज्यात जुनी आहे. घरभाडे भत्ता त्याच्याशी जोडलेला आहे. ही अट किती पाळली जाते, यावर ग्रामसभांपासून विधिमंडळापर्यंत वाद होतात. गावकऱ्यांची तक्रार रास्त असते. रात्री सर्प चावला तर डॉक्टर जागेवर हवा.

दुसरी बाजू घरातली आहे. रायगडमधील अनेक कर्मचारी पनवेलमध्ये घर घेतात, कारण इथे रेल्वे आहे, महामार्ग आहेत, शाळा-महाविद्यालये आहेत, मोठी रुग्णालये आहेत. २०१६ मध्ये पनवेल ही जिल्ह्यातील पहिली महापालिका झाली. जोडीदाराची नोकरी मुंबई, ठाणे किंवा तळोजा औद्योगिक वसाहतीत असते. त्यामुळे कुटुंब पनवेलला आणि नोकरी दूरच्या केंद्रात, हा प्रकार सर्रास दिसतो.

रस्त्यावरच्या गावी ये-जा करताना एसटी चुकली तर मागून दुसरी मिळते, नाहीतर दुचाकी असते. बेटावर हा आधार नसतो. ये-जा करण्यात धोकाही असतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. त्या दुर्घटनेत १५ जणांचा जीव गेला. रोज त्या पाण्यातून कामाला जाणाऱ्यांच्या घरी ती बातमी वेगळ्या धास्तीने वाचली गेली असणार.

अंदमान-निकोबारमध्ये अंतराचा अर्थ काय?

घारापुरीची अडचण कित्येक पटींनी वाढवली की अंदमान-निकोबारचे चित्र समोर येते. ८०० हून अधिक बेटे, बेटुकली आणि खडक असलेल्या या द्वीपसमूहात वस्ती मोजक्या तीसेक बेटांवर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ३ लाख ८० हजार. म्हणजे पनवेल महापालिकेपेक्षा कमी माणसे, पण उत्तर-दक्षिण शेकडो किलोमीटरवर विखुरलेली.

राजधानी पोर्ट ब्लेअर, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासूनचे श्री विजयपुरम. तिथे गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आणि २०१५ मध्ये सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून कार निकोबार साधारण २७० किलोमीटर, तर ग्रेट निकोबारवरील कॅम्पबेल बे साधारण ५४० किलोमीटर दूर आहे. मधे समुद्र. जहाज किंवा हेलिकॉप्टर हेच मार्ग आणि हवामान बिघडले की दोन्ही थांबतात. हेलिकॉप्टरच्या जागा मोजक्या असतात आणि गंभीर रुग्णाला अर्थातच आधी जागा मिळते.

निकोबार बेटांचा बहुतांश भाग आदिवासी राखीव क्षेत्रात येतो. १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण नियमावलीमुळे बाहेरच्या माणसाला तिथे परवान्याशिवाय जाता येत नाही. म्हणजे तिथे नेमणूक झालेल्या परिचारिकेच्या आईला पनवेलहून मनात आले म्हणून महिनाभर नातवाला सांभाळायला जाता येत नाही. आधी परवाना, मग विमान, मग जहाज. बाळंतपणाला माहेरी येणे हेही वेळेचे गणित मांडून ठरवावे लागते. गर्भवतीला विमान आणि जहाजप्रवासाला ठरावीक आठवड्यांनंतर मज्जाव असतो, त्यामुळे निघायचे ते बरेच आधी.

लक्षद्वीपमध्ये वेगळी तऱ्हा आहे. ३६ बेटांपैकी १० बेटांवर वस्ती, एकूण जमीन ३२ चौरस किलोमीटर, २०११ ची लोकसंख्या ६४,४७३. कोचीपासून ही बेटे २२० ते ४४० किलोमीटरवर आहेत. कवरत्तीला मोठे रुग्णालय आहे, पण गुंतागुंतीच्या रुग्णाला हेलिकॉप्टरने कवरत्ती किंवा कोचीला हलवावे लागते. छोट्या बेटावरील डॉक्टरसाठी तोच सर्वांत कठीण निर्णय असतो. रुग्ण हलवायचा की इथेच थांबायचे? आणि तो रुग्ण स्वतःचेच मूल असेल तर?

पुरस्काराच्या बातमीत काय दिसत नाही?

शांती तेरेसा लाक्रा हे नाव या संदर्भात आवर्जून घेतले जाते. अंदमानातच वाढलेल्या या परिचारिकेची नेमणूक लिटल अंदमान बेटावरील ड्युगाँग क्रीक येथे झाली. तिथे ओंगे या आदिम जमातीची वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेत ओंगेंची संख्या होती अवघी १०१. अशा जमातीत प्रत्येक बाळंतपण आणि प्रत्येक ताप ही केवळ त्या घराची बाब राहत नाही, जमातीच्या अस्तित्वाशी तिचा संबंध येतो.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने ड्युगाँग क्रीकची वस्ती मोडली. ओंगे उंच जागी गेल्यामुळे वाचले. त्यानंतर तात्पुरत्या निवाऱ्यात राहून लाक्रा यांनी त्यांची शुश्रूषा सुरू ठेवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

अशा बातमीत पदक दिसते, काम दिसते. त्या काळात घर कोणी सांभाळले, हे क्वचितच विचारले जाते. त्याच त्सुनामीत कार निकोबारच्या हवाई दलाच्या तळावर जवानांबरोबर तिथे राहणाऱ्या त्यांच्या कुटुंबीयांचाही मृत्यू झाला. दुर्गम बेटावर कुटुंब सोबत नेणे म्हणजे नोकरीतली जोखीमही घरासोबत वाटून घेणे असते.

मुलांच्या शाळेचा पेच कसा सुटतो?

दुर्गम भागातील बहुतेक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बाबतीत एक वळण ठरलेले असते. मूल लहान आहे तोवर कुटुंब एकत्र राहते. पाचवी-सहावीच्या सुमारास शाळेचा प्रश्न येतो आणि घर दोन ठिकाणी विभागले जाते. घारापुरीच्या मुलांनाही पुढच्या शिक्षणासाठी उरण किंवा मुंबई गाठावी लागते.

महाराष्ट्रात या पेचाला वेगळे उत्तर देणारी घरे आहेत. गडचिरोलीतील भामरागड तालुका हे पावसाळ्यात बेटच होते. पर्लकोटा नदीला पूर आला की संपर्क तुटतो. तिथे हेमलकसा येथे डिसेंबर १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे संसार थाटला. वीज नव्हती, रस्ता नव्हता. १९७६ मध्ये प्रकल्पाची आश्रमशाळा सुरू झाली आणि आमटेंची मुले त्याच शाळेत माडिया मुलांच्या शेजारी बसून शिकली. पुढे मुलगा दिगंत डॉक्टर होऊन तिथेच परतला. धाकटे अनिकेतही प्रकल्पातच काम करतात.

मेळघाटातील बैरागड येथे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांचेही उदाहरण प्रसिद्ध आहे. पगाराची अपेक्षा नको, पायी चालायची तयारी हवी, अशा अटी लग्नाआधीच मांडल्या गेल्या होत्या. पहिल्या बाळंतपणानंतर बाळ गंभीर आजारी झाले, तेव्हा शहरात हलवण्याऐवजी गावातल्या इतर मुलांना मिळतात तेच उपचार आपल्या मुलाला द्यायचे, असे स्मिताताईंनी ठरवले. २०१९ मध्ये या दाम्पत्याला पद्मश्री मिळाली.

ही उदाहरणे मोठी आहेत, पण त्यांच्याकडे पाहताना एक फरक लक्षात ठेवायला हवा. आमटे आणि कोल्हे यांनी ती जागा स्वतः निवडली होती. बदलीच्या आदेशावर बेटावर गेलेल्या परिचारिकेकडून त्याच त्यागाची अपेक्षा ठेवून सरकारी यंत्रणा चालवता येत नाही. यंत्रणा चालायची तर सामान्य माणसाला सामान्य संसार करता येईल, एवढी सोय असावी लागते.

नियमांत कुटुंबासाठी काय आहे?

कागदावर तरतुदी बऱ्याच आहेत. त्यातील प्रमुख अशा :

• बेट भत्ता : अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपमध्ये केंद्राच्या नियमित कर्मचाऱ्यांना विशेष बेट भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो बेटाच्या दुर्गमतेनुसार मूळ वेतनाच्या १० ते २० टक्के आहे.

• शिक्षण भत्ता : केंद्रीय कर्मचाऱ्याला दोन मुलांपर्यंत प्रत्येकी महिना २,८१२.५० रुपये शिक्षण भत्ता किंवा मूल वसतिगृहात असेल तर ८,४३७.५० रुपये अनुदान मिळते. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर, जानेवारी २०२४ पासून हे वाढीव दर लागू झाले.

• बालसंगोपन रजा : केंद्रात महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवस. महाराष्ट्रात २०१८ पासून १८० दिवस. प्रसूती रजा दोन्हीकडे १८० दिवस.

• पती-पत्नी एकत्र : दोघेही सरकारी नोकरीत असतील तर शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे, असे केंद्राचे २००९ चे मार्गदर्शन आहे. राज्याच्या बदली धोरणातही पती-पत्नी एकत्रीकरणाला स्थान आहे.

• एकस्तर : महाराष्ट्रात आदिवासी आणि नक्षलग्रस्त क्षेत्रात काम करणाऱ्यांना २००२ पासून एक स्तर वरची वेतनश्रेणी मिळते. हा लाभ त्या क्षेत्राशी जोडलेला आहे. चहूबाजूंनी पाणी असणे हा त्याचा आधार नाही.

मग अडते कुठे?

पहिली अडचण कंत्राटी नोकरीची. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कर्मचाऱ्यांचा करार राज्यात साधारणपणे ११ महिन्यांचा असतो. वरचे बरेच लाभ नियमित कर्मचाऱ्यांसाठी आहेत. ११ महिन्यांच्या कागदावर मुलाची शाळा बदलायची, जोडीदाराने नोकरी सोडायची आणि म्हाताऱ्या आईला बेटावर न्यायचे, हे कुठल्याही घराला परवडणारे नाही. त्यामुळे कर्मचारी एकटा जातो आणि पहिली संधी मिळताच परततो.

दुसरी अडचण रजेची. रजा हक्काची असते, पण बेटावर बदली कर्मचारी नसेल तर ती मंजूर कशी होणार? उपकेंद्रात एकच आरोग्यसेविका असेल तर तिने महिनाभर रजा घेतली की केंद्राला कुलूप लागते. हे तिला माहीत असते, गावालाही माहीत असते. तिच्या मुलाला ताप आला असताना ती गावातल्या दुसऱ्या मुलाला लस देत असते.

तिसरी अडचण जोडीदाराच्या नोकरीची. एकत्रीकरणाचा नियम दोघे सरकारी असतील तेव्हाच कामाचा. नवरा तळोज्याच्या कारखान्यात किंवा बायको खासगी शाळेत असेल तर नियमाचा काही उपयोग नाही. यात एक ओढही स्पष्ट दिसते. पुरुष डॉक्टरची बदली झाली की बायकोने सोबत जावे, अशी अपेक्षा असते. परिचारिकेची बदली झाली तर नवऱ्याने सोबत जावे, असे घरात फारसे कुणी सुचवत नाही. आरोग्यसेवेत बहुसंख्य परिचारिका आणि आरोग्यसेविका महिला आहेत. म्हणून बेटावरची रिकामी जागा आणि घरातली ही समजूत यांचा थेट संबंध आहे.

चौथी अडचण दूर राहिलेल्या आईवडिलांची. दुःखाची बातमी कळली तरी जहाज आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशीच असते. अंत्यदर्शन चुकणे ही बेटावर काम करणाऱ्यांच्या मनातली सर्वांत मोठी भीती. भत्त्याच्या टक्केवारीत ती मोजता येत नाही.

इंटरनेटने काय बदलले?

ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नई ते अंदमान-निकोबार ही सुमारे २,३०० किलोमीटरची समुद्राखालची केबल सुरू झाली. लिटल अंदमान, कार निकोबार, कामोर्टा, ग्रेट निकोबार ही बेटे तिला जोडली गेली. जानेवारी २०२४ मध्ये कोची-लक्षद्वीप केबलचेही उद्घाटन झाले.

त्याआधी उपग्रहावरील तोकड्या जोडणीमुळे घरी धड बोलताही येत नसे. आता रात्री मुलाचा अभ्यास व्हिडीओ कॉलवर घेता येतो आणि दिवसा अवघड रुग्णाबद्दल तज्ज्ञाचा सल्लाही घेता येतो. दुसरी गोष्ट कमी महत्त्वाची नाही. एकट्या डॉक्टरच्या मनावरचा भार त्यामुळे हलका होतो आणि तो भार घरी कमी येतो. तरीही पडद्यावर दिसणाऱ्या आईच्या कुशीत मूल झोपू शकत नाही, एवढी मर्यादा राहतेच.

नर्मदाकाठचा अनुभव काय सांगतो?

धरणाच्या पाण्यानेही बेटे तयार होतात. सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे नंदुरबार जिल्ह्यातील नर्मदाकाठचे अनेक पाडे होडीनेच गाठावे लागतात. या भागासाठी राज्याने तरंगते दवाखाने सुरू केले. तिथे कर्मचाऱ्यांसाठी नोकरीची जागाच पाण्यावर असते.

याच भागातील चिमलखाडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे २०२० च्या टाळेबंदीत चर्चेत आल्या. करोनाच्या भीतीने पाड्यावरची माणसे अंगणवाडीत येईनात. तेव्हा मच्छीमाराकडून छोटी होडी घेऊन, स्वतः वल्हवत त्या १८ किलोमीटर अंतरावरील पाड्यांवर जाऊ लागल्या. बालकांचे वजन, गर्भवतींचा आहार, औषधे हे काम त्यांनी थांबू दिले नाही. त्यांना स्वतःचीही दोन लहान मुले होती. त्या स्थानिक होत्या, पाणी त्यांच्या ओळखीचे होते आणि घर तिथेच होते. बाहेरून आलेल्या कर्मचाऱ्याला हे तिन्ही मिळवायला वर्षे लागतात.

याच आदिवासी भागात ‘माहेरघर’ योजनाही आहे. दूरच्या पाड्यावरील गर्भवतीने प्रसूतीच्या काही दिवस आधी आरोग्य केंद्रात येऊन राहायचे, सोबत नातेवाईक आणि लहान मूल असले तरी चालते. गर्भवतीला एकटी आणता येत नाही, तिच्यासोबत तिचे घरही आणावे लागते, हे या योजनेने ओळखले. कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हीच समज अजून धोरणात उतरायची आहे.

इतर देशांनी काय केले?

जागतिक आरोग्य संघटनेने दुर्गम भागातील आरोग्य कर्मचाऱ्यांना टिकवण्याविषयी २०१० मध्ये मार्गदर्शक शिफारशी दिल्या आणि २०२१ मध्ये त्या सुधारल्या. त्यांचा गाभा असा : ग्रामीण व दुर्गम भागातील विद्यार्थ्यांना आरोग्य शिक्षणात प्रवेश द्या, कारण तेच तिथे परतण्याची शक्यता अधिक असते, राहण्याची चांगली सोय द्या, कामाच्या ठिकाणी सुरक्षितता आणि तज्ज्ञांचा आधार द्या, बढतीचा मार्ग मोकळा ठेवा. एकच उपाय पुरत नाही, सर्व एकत्र करावे लागतात, यावर त्यात भर आहे.

जपान हा बेटांचाच देश. तिथे १९७२ मध्ये जिची वैद्यकीय विद्यापीठ स्थापन झाले. प्रत्येक प्रांतातून थोडे विद्यार्थी निवडले जातात, शिक्षणाचा खर्च भरावा लागत नाही, त्या बदल्यात साधारण नऊ वर्षे आपल्याच प्रांतात, त्यातही दुर्गम भागात आणि बेटांवर सेवा द्यायची. विद्यार्थी मूळचा तिथलाच असल्याने आईवडील आणि सासर जवळ असण्याची शक्यता वाढते.

महाराष्ट्रात एमबीबीएसनंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे. ती न केल्यास पूर्वी १० लाख रुपये दंड भरावा लागत असे. एका वर्षात डॉक्टर मिळतो. पण वर्ष संपताच तो निघून जातो आणि गाव पुन्हा नव्या चेहऱ्याची वाट पाहते. त्या एका वर्षात कुणी कुटुंब घेऊन येत नाही.

नेमणूक स्वीकारण्याआधी घराने काय विचारावे?

पनवेल परिसरातील एखाद्या घरात मुलीला किंवा मुलाला बेटावरच्या नोकरीचे पत्र आले, तर पगाराच्या आकड्याआधी काही गोष्टी लेखी किंवा प्रत्यक्ष विचारून घ्याव्यात :

• नोकरी नियमित की कंत्राटी? बेट भत्ता, शिक्षण भत्ता आणि रजा नेमणुकीच्या पत्रात आहेत का?

• त्या बेटावर किती वर्षे? त्यानंतर बदली कुठे, याचा काही नियम आहे का?

• राहायला क्वार्टर आहे का, ते कुटुंबासाठी आहे की फक्त एका व्यक्तीसाठी? पाणी आणि वीज किती तास?

• केंद्रात दुसरा सहकारी आहे का? रजेवर गेल्यास काम कोण पाहते?

• शाळा कितवीपर्यंत आणि कोणत्या माध्यमाची?

• जहाज किंवा होडी किती दिवसांनी? पावसाळ्यात किती दिवस बंद राहते?

• कर्मचारी किंवा त्याच्या घरातले कुणी आजारी पडले तर हलवण्याची काय व्यवस्था आहे?

• कुटुंबीयांना तिथे येण्यासाठी परवाना लागतो का?

या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर बेटावरची काही वर्षे घराला समृद्ध करून जातात. गर्दी नाही, प्रवासात तास जात नाहीत, माणसे नावाने ओळखतात, मुले मोकळ्या हवेत वाढतात. तरुण डॉक्टर-परिचारिकेला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात जे दहा वर्षांत हाताखालून जात नाही, ते तिथे दोन वर्षांत शिकायला मिळते.

आता काय व्हायला हवे?

बेटासाठी स्पीडबोट आणि रुग्णवाहिका-होडी मागितली जाते, ती मिळायलाच हवी. त्याबरोबर काही कमी खर्चाच्या गोष्टीही शक्य आहेत. एका जागेसाठी दोन कर्मचारी नेमून आलटून-पालटून पंधरा-पंधरा दिवसांची पाळी ठेवता येईल. किनाऱ्यावर, उरण किंवा पनवेलमध्ये, बेटावर काम करणाऱ्यांच्या कुटुंबासाठी क्वार्टर राखून ठेवता येतील. ठरावीक काळ बेटावर काढल्यावर पसंतीची बदली मिळेल, हे लेखी देता येईल. घारापुरीच्याच मुलींना परिचारिका अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती देऊन त्यांना तिथेच नेमता येईल. भत्त्याचा निकष ठरवताना आदिवासी, नक्षलग्रस्त याबरोबर पाण्याने वेढलेल्या वस्त्यांचाही विचार करता येईल.

बेटावरच्या गर्भवतीला मध्यरात्री हात धरणारे कुणी हवे असेल, तर त्या हाताच्या घरी दिवा लावणाराही कुणी असला पाहिजे. आरोग्य विभागाच्या पदभरतीच्या तक्त्यात ‘रिक्त’ लिहिलेल्या अनेक जागांच्या मागे अशीच न सुटलेली घरगुती गणिते असतात. ती सोडवण्याची जबाबदारी केवळ त्या घरावर टाकली, तर जागा रिक्तच राहतील.